बार्लीच्या चोथ्याचा वास

माझ्या वडिलांनी मला फसवलं आणि दत्ताने त्यांना साथ दिली. हे मला गेल्या महिन्यात कळलं. त्याआधी चोवीस वर्षं मी उलटं समजत होतो. दत्ताने फसवलं आणि वडील बिचारे हात चोळत बसले, असं मी बायकोला, पोरीला, वसईतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत आलो. माझा स्वभाव तापट आहे. एकदा बोलायला लागलो की समोरच्याला पुरतं ऐकून घ्यावं लागतं. त्या सगळ्यांची आता माफी मागायला हवी. पण माफी नंतर. आधी हिशेब कुणाशी आहे ते ठरू दे.

आमचं गाव वाळूजच्या कारखान्यांना चिकटून. गावाच्या उगवतीला बिअरची मोठी कंपनी. गाव सोडलं त्या सकाळी मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि चार पावलं मागे दत्ता. दत्ता आमच्या समोरच्या घरातला, माझ्या बरोबरीचा. त्याला आठच दिवसांपूर्वी कंपनीत नोकरी लागली होती. अर्ज आम्ही दोघांनी एकाच पेनाने भरले होते. दत्ताचा मामा कंपनीच्या गेटवर असायचा. बोलावणी त्याच्या हातून येत. दत्ता संध्याकाळी येऊन म्हणाला होता, "भान्या, माझं एकट्याचंच आलं. तुझं नाव नाही."

मी समजलो काय ते. मामाने भाच्याचं काम केलं आणि माझं नाव कापलं. दत्ताची गचांडी धरली, तेव्हा अण्णांनी मला सोडवलं. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी वसईला निरोप धाडला. आमच्या आत्याच्या दिराचा वसईजवळ वालीवला लेथचा कारखाना होता. आठ दिवसांत माझी पिशवी भरली. जन्मात कुठलं काम आठ दिवसांत न केलेला माणूस एवढा झटपट कसा हलला, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त सांगितले की मला लगेच समजतं. बापाचं समजलं नाही.

एसटी आली. अण्णांनी तुपाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "म्हशीची आठवण ठेव." बस. "माझी" नाही म्हणाले, "आईची" नाही म्हणाले. खिडकीतून कंपनीचा ओळखीचा वास आत आला आणि मी तोंड फिरवून बसलो.

तो वास सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बिअरसाठी बार्ली शिजवतात. रस काढून घेतला की खाली चोथा उरतो. तो जनावरांना चांगला. आमच्या गावात सगळ्यांच्या म्हशी त्यावर पोसलेल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली सकाळी दारात यायची, चोथ्यातून वाफा निघत असायच्या. थंडीत मी आणि दत्ता अनवाणी पाय त्या ढिगात घोट्यापर्यंत खुपसून उभे राहायचो. शाळेत जायला नको वाटायचं. मध्येच चिमूटभर तोंडात टाकायचो. जोंधळ्याच्या कण्या शिजताना येतो तसला वास, आणि रस काढून घेतल्यावरही मागे राहिलेला थोडासा गोडवा. अण्णा दिसले की ओरडायचे, "अरे, म्हशीचं आहे ते."

अण्णांचा दारूवर राग होता, आणि त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, दारूपायी तिशीत गेला. चोथा घरात चालायचा. पण ज्याचा तो चोथा, त्याचं नाव घरात काढायचं नाही.

वालीवला आलो आणि वर्षभरात पहिली बिअर प्यायलो. रागाने प्यायलो. ज्या कंपनीने मला घेतलं नाही तिचा माल काय असतो ते तरी बघू म्हटलं. नाक्यावरच्या परमिट रूममध्ये सगळे कामगार स्ट्राँग मागवायचे, मीही मागवली. बर्फात घातलेली बाटली, दोन घोटांत कपाळात कळ, चौथ्या घोटाला डोकं जड. हिच्यासाठी मी दत्ताची गचांडी धरली होती का, असं वाटलं.

मला बिअर शिकवली ती बावतीसने. वसईतल्याच सांडोर गावचा हा माणूस. बरीच वर्षं जहाजावर फिटर होता, मग आमच्या कारखान्यात आला. त्याची केळीची वाडी आहे. दर रविवारी चर्चमधून आला की तो वाडीत विहिरीपाशी बसायचा. मलाही बोलवायला लागला. पहिल्या रविवारी मी स्ट्राँगच्या दोन बाटल्या घेऊन गेलो. त्याने त्या बाजूला ठेवल्या.

"भानू, ही घाईची दारू. तुला कुठे गाडी पकडायची आहे का?"

त्याने माइल्ड काढली. मी म्हटलं, आमच्याकडे माइल्डला बायकांची बिअर म्हणतात. आतून त्याची बायको म्हणाली, "मग मला द्या, तुम्ही ताक प्या." बावतीस हसला आणि ग्लास धुवायला गेला. ग्लास नुसत्या पाण्याने धुवायचा, साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, हे मला तेव्हा कळलं. ग्लास तिरका धरून त्याने अर्धा भरला, मग सरळ करून वरून ओतली. दोन बोटं फेस आला. मी उचलायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली.

"थांब जरा. थंडी मरू दे तिची. फार गार केलं की जिभेला काही कळत नाही. खराब माल खपवायचा असेल तर बर्फात घालायचा."

हे मला पटलं. तेल चोपडून गंजका माल गळ्यात मारणारे भंगारवाले मी रोज बघत होतो. थांबलो. मग घोट घेतला. आधी कडू, पण स्वच्छ कडू, कारल्यासारखं जिभेला चिकटून न बसणारं. ते सरलं आणि मागून हळूच आला तो वास. कण्या शिजल्याचा. माझे पाय एकदम ऊबदार ढिगात गेल्यासारखे झाले. केळीच्या वाडीत, विहिरीच्या काठावर, मी मान खाली घालून बसलो. बावतीसला वाटलं मला आवडली नाही.

त्या दिवशी बाटली फिरवून लेबल वाचलं. बाटली जिथे भरली त्या जागेचं नाव बारीक अक्षरांत होतं. आमच्या गावापासून हाकेवर.

तेव्हापासून मला खोड लागली. एकच बिअर चार-पाच ठिकाणी भरली जाते, नाव तेच, चित्र तेच. मला फक्त आमच्याकडची पाहिजे. ती सुद्धा ताजी. लागर जातीची ही बिअर जुनी झाली की तिला भिजल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि उन्हात ठेवली तर त्याहून वाईट. म्हणून शोकेसमधली बाटली मी घेत नाही. छापील किमतीवर घासाघीस करता येत नाही, म्हणून मी तारखेवर करतो. स्टेशनजवळच्या बिअर शॉपीत तर मी आत शिरलो की मालक कपाळाला हात लावायचा.

"मागचा क्रेट काढा."

"शेठ, त्याच्यात पण बिअरच आहे."

"ही गोव्याची आहे. आणि तीन महिन्यांची. मला पंधरा दिवसांतली द्या, आमच्याकडची."

"बाटली घेताय की पोरीसाठी स्थळ बघताय? पत्रिका पण काढून देऊ?"

एकदा याच्यावरून माझं त्याच्याशी इतकं वाजलं की मी तिकडे पाय ठेवणार नाही असं सांगून आलो. आठवड्याने गेलो. त्याने दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या, लेबलं माझ्याकडे करून. दोन्ही आमच्याकडच्या, बारा दिवसांच्या. मी तारीख तरीही वाचली.

बावतीसने मात्र माझी फजिती केली. एका रविवारी त्याने दोन ग्लास भरून आणले. म्हणाला, यातली तुझ्या गावची कुठली, सांग. मी दोन्हींचा वास घेतला, दोन्हींची थंडी मरू दिली, सावकाश चाखलं आणि छातीठोकपणे उजवीकडचा ग्लास उचलला. तो गोव्याचा निघाला. बावतीसची बायको पोट धरून हसली. मी चिडलो, ग्लास बदललेस म्हणालो, उठून चालता झालो. महिनाभर वाडीत गेलो नाही. शेवटी तोच कारखान्यात माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "बाटली कशाला शोधतोस? बस पकड ना बाबा. एका दिवसात पोचतोस."

बस मी पकडत होतो, पण वर्षातून एकदा, दोन दिवसांसाठी. दाराबाहेर आलं की समोर दत्ताचं घर. कंपनीचा गणवेश दोरीवर वाळत घातलेला. तो दिसला की माझं डोकं फिरायचं. आई होती तोवर तरी थांबायचो. ती गेल्यावर पिशवी न उघडताच परतायचो. मधल्या काळात फोन. अण्णा फोनवर एकच विचारायचे, "कधी येतोस? म्हस विचारती." म्हशी विकून आठ वर्षं झाली, गोठ्यात आता दत्ताच्या मुलाची मोटरसायकल असते. तरी म्हस विचारतीच.

इकडे माझं चांगलं चाललं होतं. वालीवला स्वतःचा गाळा घेतला. स्टीलच्या पाइपांचे जोड बनवतो, डेअरीला लागतात तसले. अठरा माणसं कामाला आहेत. आणि गेल्या महिन्यात त्याच बिअरच्या कंपनीकडून बोलावणं आलं, टाक्यांच्या पाइपांसाठी. चोवीस वर्षांनी मी त्या गेटातून आत गेलो. खरेदीच्या साहेबाने भाव सांगितला आणि मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, एका दमात. माझं लक्ष नव्हतं. सगळीकडे तो वास होता.

माप घ्यायला टाक्यांपाशी नेलं. तिथे दत्ता उभा. केस पांढरे, चष्मा. आता तो त्या विभागाचा मुख्य आहे. सोबतचा माणूस फोनवर बोलत बाहेर गेला. दत्ताने टाकीच्या छोट्या नळाखाली ग्लास धरला, तिरका, मग सरळ. बावतीससारखा. माझ्या हातात दिला.

मी आजवर प्यायलेली सगळी बिअर एकीकडे आणि तो ग्लास एकीकडे. बाटलीत अजून न गेलेली, ताजी, पिवळीधमक. पहिल्या घोटाला कडूपणा, आणि मग तो वास मागून नाही आला, समोरून आला. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी म्हणालो, "चांगली जागा खाल्लीस माझी."

दत्ता म्हणाला, "भान्या, जागा दोन होत्या. तुझं पण बोलावणं आलं होतं. माझ्याच हातात दिलं होतं मामाने. तुझ्या घरी घेऊन आलो, तर तू नव्हतास. अण्णांनी ते खिशात घातलं आणि माझे हात धरले. म्हणाले, एक भाऊ गेला, पोरगं नको. त्याला सांग, नाव नाही."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"शपथ घातली होती. आणि तू शिव्या मलाच देत होतास, अण्णांना नाही. मला ते चालत होतं."

उरलेला अर्धा ग्लास मला संपवता आला नाही. तेवढी चांगली बिअर मला परत कधी मिळणार नाही, तरी नाही. तिथून घर दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. सरळ वसईची गाडी धरली.

आता घर म्हणजे काय, ते मला नीट सांगता येत नाही. वसईत पोरगी जन्मली, गाळा झाला, बावतीसच्या विहिरीवर माझा बसायचा दगड ठरलेला आहे. ज्या बिअरपासून वाचवायला मला इकडे पाठवलं, ती मी इकडेच प्यायला शिकलो, आणि काकासारखा वाया गेलो नाही. रविवारी एक बाटली, ती पण तारीख बघून. तरी रोज सकाळी गाळ्याचं शटर वर करताना तेलाचा वास येतो आणि क्षणभर वाटतं, दुसरा वास यायला हवा होता.

अण्णा, तुमच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही. हे लिहिलेलं तुम्हाला दत्ताच वाचून दाखवेल, त्याला तेवढी शिक्षा. मी शनिवारी येतोय. खोटं का बोललात ते विचारणार नाही, ते मला कळलं. मला दुसरं विचारायचं आहे. तुम्हीच मला घराबाहेर काढलंत, आणि त्यानंतर चोवीस वर्षं "कधी येतोस" म्हणून विचारत राहिलात. आलो की समोरचं घर बघून दोन दिवसांत निघून जात होतो, ते तुम्हाला दिसत होतं. एका वाक्यात मला थांबवता आलं असतं. ते वाक्य का बोलला नाहीत?

उत्तर पाहिजे, अण्णा. आणि या वेळी म्हशीचं नाव पुढे करायचं नाही. तुम्ही सांगायचं.