तिच्या मागे दादाचं काय

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून ती चौतीस वर्षं काचा घासत आली होती. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, आरसा धरायचे, "शोभून दिसतोय हो" म्हणायचे. मागे ती काच चाकावर धरायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, केसभर जास्त वाटली की पुन्हा घासायची. कुणाचा चष्मा नाकावरून घसरो, कुणाला कानामागे काडी टोचो, शेवटी सगळं तिच्याच टेबलावर यायचं. गिऱ्हाईकं तिला चष्मेवाल्या ताई म्हणत. घरी मात्र ती छोटी. ते नाव दादाने ठेवलेलं. ती एकोणसाठची झाली तरी त्यात बदल करावा असं काही त्याला वाटलं नव्हतं.

दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. ती वर्षाची असताना त्याच्या डोक्यात ताप चढला. पंधरा दिवसांनी ताप उतरला, पण दादाचं वय तिथेच बसून राहिलं. अंगाने तो वाढला, मिशा आल्या, त्या पिकल्याही. बुटाची नाडी मात्र छोटीनेच बांधायची. आई गेली तेव्हा तिने काही लिहून ठेवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी नुसतं दादाकडे बघितलं होतं, आणि मग तिच्याकडे. तेवढं पुरलं होतं.

एवढी वर्षं तिने या गोष्टीचा बाऊ केला नाही. पण मागच्या वर्षी जिन्यात पाय घसरून तिच्या मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्या काकूंनी दोन वेळचं जेवण दिलं, दादाची आंघोळही कशीबशी उरकली. दाढीला मात्र तो दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. काकूंचा मुलगा वस्तरा घेऊन आला तर दादा पलंगाखाली जाऊन बसला. दाढी वाढत गेली. एके सकाळी त्याने स्वतःला आरशात पाहिलं आणि 'घरात कुणीतरी शिरलंय' म्हणून तो दिवसभर रडला. डॉक्टरांनी प्लास्टर काढताना सांगितलं, "हाडं ठिसूळ झालीत, जपा." ती मान हलवून बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसली. एक हात गेला तर ही तऱ्हा. उद्या आपणच गेलो तर?

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली. बसायची खुर्ची फायलींनी भरलेली. वकीलबाईंनी त्या उचलून जमिनीवर ठेवल्या. बाई चाळिशीच्या, सर्दीने बेजार, आणि दर वाक्याला नाकावरून घसरणारा चष्मा वर ढकलत होत्या.

"घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. दोन खोल्या आहेत."

"मुलंबाळं?"

"एक आहे," ती म्हणाली. "चौसष्ट वर्षांचा."

वकीलबाईंनी मान वर केली. चष्मा पुन्हा घसरला. तिला राहवेना. "द्या इकडे," म्हणत तिने हात पुढे केला, पर्समधला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, दोन्ही काड्या आवळल्या आणि चष्मा परत दिला. मग दादाची सगळी हकिकत सांगितली.

वकीलबाई शांतपणे ऐकत होत्या. "घर थेट त्यांच्या नावावर नको," त्या म्हणाल्या. "त्यांना समजून सही करता येणार नाही. उद्या कुणीही येईल आणि अंगठा उमटवून घेऊन जाईल. घर त्यांच्यासाठी राखून ठेवायचं आणि कारभार बघायला विश्वासातलं माणूस नेमायचं. ते सोपं आहे. पण तुमच्यामागे ते राहणार कुणाजवळ?"

इथेच घोडं अडलं.

"माझी धाकटी बहीण आहे," ती म्हणाली.

"त्यांना विचारलंय?"

"बहिणीला काय विचारायचं?"

"विचारून या," वकीलबाई म्हणाल्या. "कागदावर नाव लिहायला मला दोन मिनिटं लागतात. माणूस तयार नसेल तर त्या नावाचा काही उपयोग नाही."

बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पहिल्यांदा गेली तेव्हा बहिणीने चहा केला आणि "तू ठणठणीत आहेस, आत्ताच कशाला तो विषय" म्हणून बोलणं नातवंडांवर नेलं. दुसऱ्या खेपेला तिच्या नवऱ्याचे गुडघे, तपासण्या आणि गोळ्या एवढं ऐकून ती परत आली. तिसऱ्या खेपेला बहीण तिला सोडायला खालपर्यंत उतरली आणि फाटकाशी उभी राहून एकदम म्हणाली, "ताई, मला जमणार नाही."

तिने पर्स खांद्यावर नीट अडकवली.

"मी लग्न करून त्या घरातून सुटले. तू राहिलीस. हे मला रोज आठवतं, खोटं नाही सांगत. पण पुन्हा त्यात शिरायची माझ्यात ताकद नाही. तू मला शिव्या दे."

तिने शिव्या दिल्या नाहीत. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. "वर जा, गुडघ्याला शेक द्यायचाय ना त्यांच्या," एवढंच म्हणून ती बस स्टॉपकडे चालू लागली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ते तीन मजले. वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्था असतात. सगळ्या वाईट नसतात."

"आईने त्याला माझ्या हवाली केलंय," ती ताडकन म्हणाली. "कुठे नेऊन टाकायला नाही."

"टाकू नका. बघून तर या. बघण्याने काही सही होत नाही."

पुढे महिनाभर तिने तो विषय डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला. सकाळी दादाचं आवरायचं, दुपारी दुकानातून धावत येऊन त्याला जेवू घालायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. मनगट ठणकायचं. एक दिवस तिने नको त्या नंबरची काच नको त्या फ्रेममध्ये बसवून दिली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. मालक काही बोलले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

त्या रविवारी तिने दादाला चांगला शर्ट घातला आणि बसमध्ये खिडकीशी बसवलं.

संस्था दुमजली होती. नुकत्याच पुसलेल्या फरशीला फिनेलचा वास येत होता. थोराड बांध्याच्या, बाह्या वर केलेल्या एक बाई समोर आल्या. छोटीने सांगायला तोंड उघडलं, पण त्या तिच्याशी बोलल्याच नाहीत.

"तुम्हाला काय म्हणायचं?" त्यांनी दादाला विचारलं.

"दादा."

"बरं झालं आलात, दादा. टॉवेलांचा ढीग पडलाय आणि माझ्याकडे माणसं कमी. मदत कराल?"

दादाने छोटीकडे बघितलं. असलं कुणी त्याला कधी विचारलंच नव्हतं. बाईंनी त्याला लांब टेबलाशी नेऊन बसवलं. तिथे चार-पाच जण घड्या घालत होते. दादाची घडी वाकडी झाली. शेजारच्या टकल्या गृहस्थाने ती मोडून नीट घातली. दादाने त्यांची मोडली. दोघांत अशी जुंपली की बाकीचे हात थांबवून बघायला लागले, आणि मग दादा हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

बाईंनी तिला खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं. तिने खोदून खोदून प्रश्न विचारले, कपाटं उघडून पाहिली, संडासाची कडीसुद्धा लावून बघितली. कुठेतरी खोट सापडावी, असंच तिला वाटत होतं. एका खिडकीचा पडदा फाटका होता. तेवढाच.

"रात्री उठून मला हाका मारतो तो," ती म्हणाली.

"मारतील की," बाई म्हणाल्या. "इथे सगळेच कुणाला ना कुणाला हाका मारतात. आम्ही उठतो."

परत टेबलाशी येऊन ती म्हणाली, "चल दादा, उशीर होतोय."

दादाने वरसुद्धा बघितलं नाही. "छोटे, तू जा. मला काम आहे."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. हा आपल्याशिवाय एक दिवस जगायचा नाही, या एका गोष्टीवर तिने लग्नाला दोनदा नकार दिला होता, गावाबाहेर कधी मुक्काम केला नव्हता, आजारपण अंगावर काढलं होतं. आणि त्याला टॉवेलांचा एक ढीग पुरला होता. तिला त्याचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग दोन्हींचा कंटाळा आला.

संध्याकाळी दादाला घेऊन घरी आल्यावर तिने बहिणीला फोन लावला.

"त्याला घरी ठेवून घेऊ नकोस. पण माझ्यामागे रविवारी त्याला भेटायला जाशील? आणि घर भाड्याने देऊन त्यातून संस्थेचे पैसे भरशील?"

"जाईन," बहीण म्हणाली. "दर रविवारी जाईन. पण ताई, त्याची दाढी?"

"ती माझ्या हयातीतच शिकवायला हवी कुणालातरी. म्हणून आठवड्यातले दोन दिवस त्याला आत्तापासूनच तिथे सोडणार आहे."

सह्यांच्या दिवशी बहीणही आली. साक्षीला खालचा झेरॉक्सवाला आणि वकीलबाईंचा कारकून. वकीलबाईंनी सगळा मजकूर मोठ्याने वाचला. 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द इतक्या वेळा आले की ऐकताना तिला जांभई आली. बहिणीने तिच्याकडे बघितलं आणि दोघींना हसू फुटलं, आई पूजेला बसली की फुटायचं तसं. मग तिने सही केली. मनगट दुखत होतं, त्यामुळे अक्षर थोडं हललं.

"चालेल ना?" तिने विचारलं.

"तुमचीच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता निश्चिंत राहा."

खाली आल्यावर बहिणीने तिचा दंड क्षणभर घट्ट धरला आणि आपली बस पकडली. दादाला संस्थेतून आणायला पाच वाजता जायचं होतं. आत्ता दोन वाजले होते. दुकानातून तिने पूर्ण दिवसाची सुट्टी घेतलेली. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, कुणाला जेवू घालायचं नव्हतं. स्टॉपवरच्या बाकावर बसून तिने एक बस जाऊ दिली, मग दुसरी. पर्स मांडीवर धरली, डोकं मागच्या खांबाला टेकवलं, आणि भर दुपारच्या गोंगाटात तिला गाढ झोप लागली.