खुडूक कोंबडी आणि माझं गणित

तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने कोंबडीच्या कामात पडू नये. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

नेवाशाजवळच्या आमच्या गावी हिने एक गावरान कोंबडी पाळली होती. नवरात्राच्या सुमारास ती खुडूक होऊन बसली. शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, "गुरुजी, आत्ताच अंड्यांवर बसवा. कडाका पडायच्या आत पिल्लांना पिसं फुटाया पायजेत."

"घाई कशाला?" मी म्हणालो. "पिल्लं एकवीस दिवसांत निघतात. कडाका पडतो डिसेंबरच्या मध्यात. तिथून मागे मोजायचं!"

आणि हे मी बचतगटाच्या बायकांनाही बोलावून समजावलं. (फळ्यासकट!)

माझ्या मुहूर्ताची वाट बघून कोंबडी कंटाळली आणि उठून गेली. ती पुन्हा खुडूक झाली थेट नोव्हेंबरात. बरोब्बर एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं बाहेर! मी मिशीला पीळ दिला. "बघ, एका दिवसाचाही फरक नाही!"

ही म्हणाली, "पिल्लं निघाली हो. पिसं कधी निघणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे आणखी दीड महिना! तो कुठं धरलाय तुम्ही?"

कुठेच नव्हता. त्याच आठवड्यात गारठा असा पडला की दोन पिल्लं माना टाकून आडवी झाली. आम्ही दोघं धावलो. कोंबडीसकट सगळा कुटुंबकबिला घरात आणला. खोक्यात बल्ब लावला, तर वीज गेली! मग ती दोन पिल्लं माझ्या स्वेटरच्या आत. तेवढ्यात आमचे जुने हेडमास्तर चहाला टपकले.

"छातीत घरघर होतेय का तुमच्या?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नाही सर, चिवचिव," ही आतून म्हणाली.

दीड महिना आम्ही दोघं स्वयंपाकघरात आणि पाहुणी कोंबडी-पिल्लं बैठकीत! पण बाराच्या बारा जगली. बचतगटातल्या बायकांची पिल्लं मात्र तोवर पिसं फुलवून उकिरडे उकरत होती. एकीनेही माझं ऐकलं नव्हतं.

तरी यंदा चंद्रभागाबाई आपण होऊन आल्या. "गुरुजी, औंदा कोंबडी कवा बसवायची, तेवढी तारीख सांगा की."

मी हरखलो. "अहो, पण तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे!"

"व्हय, पण बायकांना तुमचीच तारीख पायजे. लई पक्की असती. त्याच्या दीड महिना आदी बसवली, की काळजी न्हाई!"