टॉरिड म्हणजे भाजलेली

शंकरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी भूगावातल्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो. "भावजी, मास्तर गेलं," एवढंच बोलल्या. माझ्या कानात मात्र आठवड्यापूर्वीचा शंकरचा आवाज होता... दवाखान्यातली खाट, हाताला सलाइन, पाणी प्यायची बंदी, आणि हा गडी मला फोनवर सांगतोय, आणखी एक सापडलं, ताबडतोब ये!

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं. पौडच्या शाळेत आम्ही एका बाकावर. इंग्रजीच्या तासाला सरांनी 'टॉरिड'चा अर्थ विचारला. होरपळवणारं, कडक उन्हाचं, असं काहीतरी उत्तर हवं होतं. शंकर उठून म्हणाला, "राब भाजल्यावर जमीन होती, तशी." भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ्या अंथरून पेटवायचं, तो आमच्या मुळशीचा राब. वर्ग खो खो हसला. 'राब्या' हे नाव दहावीपर्यंत त्याला चिकटलं. पण पठ्ठ्या हात धुऊन त्या शब्दाच्या मागे लागला आणि इंग्रजीचा मास्तर झाला. मग एके दिवशी भर दुपारी मोटारसायकल दामटत माझ्या दुकानात हजर. टॉरिडच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ चक्क वाळवणं, भाजणं! माझं बरोबर होतं की रे, असं म्हणत त्याने गिऱ्हाइकांनाही भजी खायला घातली.

त्या आठवड्यापूर्वीच्या फोनवरून दवाखान्यात पोचलो तर स्वारी उठून बसलेली. ते लॅटिन मूळ, इंग्रजांचं 'थर्स्ट', आपली तृष्णा, म्हणजे तहानसुद्धा... सगळी एकाच घरची भावंडं निघाली होती! ओठांना भेगा, डोळे मात्र लखलखत होते. "घशात राब भाजलाय बघ," म्हणाला आणि हसला. मीही हसलो. बाहेर जिन्यात येऊन रडलो.

बावधनला राहणारा शंकर-वहिनींचा मुलगा म्हणतो, आता भात कशाला करायचा, यंदा राब नको. मलाही ते पटलं होतं. पण परवा गेलो तर वहिनींनी टहाळ्या रचून ठेवलेल्या. शंकरची खोड अशी, की राब विझला की मातीवर तळवा टेकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचा, ही बघा टॉरिड! वहिनी जन्मभर त्याला हसल्या, कधी चिडल्या. मी म्हटलं, वहिनी, एवढा खटाटोप कशाला?

"मग त्यांचा शब्द कुटं ठिवू?" त्या म्हणाल्या.

आम्ही राब पेटवला. विझल्यावर त्यांनी राख बाजूला सारली, मातीवर तळवा टेकला आणि मला जवळ बोलावलं.

"बगा की, ऊन हाय अजून."