मानेमागचा आरसा

गिऱ्हाइकाला मानेमागची कटिंग दाखवायचा छोटा आरसा मामांनी दुपारी दुकानातून पिशवीत घालून घरी आणला आणि न्हाणीघराला आतून कडी लावली. उभा जन्म लोकांना त्यांची मागची बाजू दाखवण्यात गेला. स्वतःची पाहायची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

काही दिवसांपासून शौचाला रक्त पडत होतं. मामांनी आधी दाढी करताना कापल्यावर करायचा तोच उपाय केला. तुरटीचा खडा फिरवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्या दिवशी रक्त दिसलं नाही, म्हणून त्यांनी विषय मिटवला. आज पुन्हा लाल धार लागली.

थोरल्या भावालाही असंच रक्त जायचं. मूळव्याध समजून त्याने वर्षभर मलमं लावली. निघाला आतड्याचा कॅन्सर. समजलं तेव्हा फार उशीर झाला होता.

 आरसा तिरका धरल्यावर द्राक्षाएवढा मऊ, जांभळट कोंब दिसला. मामांच्या जिवात जीव आला. बाहेर येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मूळव्याधच आहे. डोळ्यांनी पाहिली."

"मोठे भावजीही हेच म्हणायचे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या मानेवर गाठ दिसली, तर तुम्ही काय करता? तुरटी फिरवता?"

 अशा गिऱ्हाइकाला मामा दाढी अर्धी ठेवून डॉक्टरकडे पिटाळत.

"आणि तो आरसा आता दुकानात न्यायचा नाही हं."

डॉक्टरांनी तपासलं. कोंब मूळव्याधीचाच होता. पण भावाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर मूळव्याध दिसली म्हणजे रक्त तिथलंच असं नसतं, म्हणाले. आतडं कॅमेऱ्याने पाहायलाच हवं.

तपासणीच्या दिवशी मामांना गुंगीतून जाग आली, तेव्हा बायको उशाशी बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मामांना विचारायचा धीर होईना.

डॉक्टर आले. रक्त मूळव्याधीचंच होतं. पण वर आतड्यात एक छोटी गाठ सापडली होती. ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मामांनी दुकान उघडलं नाही. 

गाठीत कॅन्सर नव्हता. राहिली असती तर पुढेमागे झाला असता, एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी येताच मामांनी थोरल्या भावाच्या मुलाला फोन लावून आतडं तपासून घ्यायला सांगितलं. त्याला काही त्रास नव्हता आणि वेळही नव्हता.

"त्रास मलाही नव्हता रे त्या गाठीचा," मामा म्हणाले. "उद्या मी येतो. दोघं मिळून जाऊ."