क्लेमंट वाडलोची न झालेली उडी

आमच्या गावात क्लेमंट वाडलोच्या उडीचा अर्थ कुणाला विचारू नका, भांडणं लागतात. शेतकरी म्हणतात, तो जितका उंच उडेल तितकं बार्लीचं पीक उंच येतं. पाद्री म्हणतो, निव्वळ वात्रटपणा. त्याची बायको मेबल म्हणते, "मिरवणं, दुसरं काय!" गावची बस बंद करायला निघालेल्या साहेबांना मी भर सभेत झापलंय, पण या उडीपुढे माझी अक्कल चालत नाही.

क्लेमंटने जन्मभर शेतांची कुंपणं विणली. काट्यांनी सोललेले हात, तोंडात कायम शिवी. पण उन्हाळ्याच्या तोंडावर पबसमोर मॉरिस, म्हणजे आमचा जुना इंग्रजी लोकनाच लागला, की पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे बांधून एकट्याने उडायचा मान त्याचा. तो मान कुणी हिसकावत नाही. नाचणाऱ्यानेच घुंगरू सोडून दुसऱ्याला द्यायचे. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने उडी बंद केलेली. मुलगी हेटी केव्हाची तयार. बाप काही घुंगरू सोडेना.

नाच सुरू झाला. आमच्याकडे उडी आली की वाजवणारा सूर लांबवतो, नाचणाऱ्याचे पाय टेकेपर्यंत सोडत नाही. मेबलने अ‍ॅकॉर्डियनचा सूर धरला. क्लेमंट गुडघ्यात वाकला, हात वर फेकले आणि तसाच थांबला. मेबल त्याच्या पायांकडे बघतेय, भाता ताणतेय.

"अरे, उडालास की नाही?" मी ओरडले.

"दिसत नाही? अजून वरच आहे मी!"

"मग उतर की मेल्या, माझे हात तुटले!" मेबल किंचाळली.

"उतरायला गुडघा लागतो!"

भाता संपला, सूर विरला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. नाचणाऱ्यांची आपसांत जुंपली. एक म्हणे, पाय टेकले नाहीत, म्हणजे नाच चालूच आहे. दुसरा म्हणे, उचललेच कुठे?

हेटी पुढे झाली. "बाबा, चल आता."

तिच्या खांद्यावर भार टाकून तो बाकावर बसला, पाय पुढे केला. "सोड. मला वाकता येत नाही."

तिने पट्टे सोडले. "मला देतोयस?"

"सोड म्हणालो मी."

"म्हणजे काय?"

तो बिअर पीत राहिला. हेटीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काय सांगणार, कपाळ! शेवटी तिने एक पट्टा स्वतःच्या पोटरीला गुंडाळला.

"घट्ट बांध," क्लेमंट खेकसला. "ढिला वाजत नाही."

चिडून म्हणाला की खुशीने, देव जाणे. मेबलने पुन्हा भाता उघडला.