वकीलकाकांची शर्यतीची मोटार

कोर्टात समोरच्याला दोन वाक्यांत गारद करणारा आणि घरी पायात जोडा घालावा की वहाण यावर पाऊण तास घालवणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच होता, तो म्हणजे माझ्या वडिलांचे स्नेही. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणत असू. विलायतेस परत निघालेल्या एका गिरणीतल्या साहेबाची शर्यतीची मोटार त्यांनी विकत घेतली, तीही साहेबाचं जहाज सुटायची वेळ आली म्हणून. नाहीतर काका अजून विचारच करीत बसले असते. लालभडक, दोन माणसांपुरती, मागे मुळ्यासारखी निमुळती होत गेलेली. चालवताना काका पगडी काढून मांडीखाली दाबून ठेवीत.

मोटारीची ही मागची निमुळती शेपटी कापून तिथे बैठक करावी की नाही, हा खल चार वर्षं चालला. बैठक केली तर घरची माणसं मावतील, पण मोटारीचं रूप जाईल! काका बाररूममध्ये मतं घेत, अशिलांना नकाशे दाखवीत. खुनाच्या एका आरोपीलाही त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, वकीलसायेब. पर आदी मला सोडवा की!" नवी पेठेमागचा मिस्त्री दर रविवारी करवत घेऊन येई आणि शेपटीवर खडूने रेघ मारी. काका त्याला चहा पाजीत आणि रेघ धोतराच्या सोग्याने पुसून टाकीत.

"सायेब, कापायचं हाय का न्हाय?"

"पुढच्या रविवारी नक्की."

एके सकाळी काकू जिन्यावरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, मिरजेच्या मिशन इस्पितळात न्या, पण आडवं निजवूनच. आगगाडीने न्यायचं तर कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणं आलं, ते त्यांना सोसणारं नव्हतं. काकांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. त्याने सवयीने खडू काढला.

"रेघ नको," काका म्हणाले. "काप."

तासाभरात शेपटी अंगणात पडली. डावी बैठक उपटली, फळ्या ठोकल्या, वर गादी घातली. माझी आई काकूंचं डोकं धरून बसली आणि मोटार निघाली.

काकू वाचल्या, पण पुन्हा धड चालल्या नाहीत. मिस्त्री म्हणाला, शेपटी परत जोडून देतो. काका म्हणाले, "राहू दे. हिला पाय पसरता येतात." रोज संध्याकाळी ते काकूंना तळ्याकडे फिरवून आणीत, इतक्या हळू की मी बोलत बोलत शेजारून पायी जात असे. एकदा काकू म्हणाल्या, "अहो, जरा जोरात घ्या की."

काका हसले. "आता कुठं पोचायचंय आपल्याला?"

मागून सायकलवाले घंटी वाजवीत येत, आणि काका हात बाहेर काढून त्यांना पुढे जाऊ देत.