पहिला ठोका भट्टीचा

धुकं असं बसलं होतं की टाकसाळीचं धुराडं कमरेपासून वर गायब. आतलं लोखंड रात्रभर गारठलेलं. गारठलेल्या यंत्रावर नाणं पाडलं तर कडेला चीर जाते, म्हणून ठोकेमामा नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले, दिवे लावले, खाचांत तेल सोडलं आणि यंत्र नुसतंच रिकामं चालवत बसले. धप्, धप्. त्या धपधपीवरूनच त्यांचं नाव पडलेलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि पगारपत्रक दोन महिने कुणी उघडलं नव्हतं.

सरकारनं किती उसनं घ्यावं याला सभागृहानं कुंपण घातलेलं असतं. यंदा सरकार त्या कुंपणाला नाक लावून उभं होतं आणि विरोधक कुंपण तसूभरही सरकवायला तयार नव्हते. दोघांच्या भांडणात पगार अडकले, पेन्शनी अडकल्या, आणि सरकारी इस्पितळाला माल पुरवणाऱ्यांनी हात वर केले. मामांना पगाराचं तेवढं नव्हतं, चटणीमीठ कसंबसं चालत होतं. पण त्यांची बायको त्या इस्पितळात आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायची. सिस्टरनं सांगून टाकलं होतं, गाळण्या या आठवड्यापुरत्याच आहेत, सोमवारी वॉर्डाला कुलूप. खासगी इस्पितळाच्या दाराशी उभं राहायचीही ऐपत नव्हती.

अशात अर्थखात्यातल्या एका काटकुळ्या साहेबानं कायद्यातली फट शोधली. सोन्याचांदीच्या नाण्याची किंमत कायद्यानं बांधलेली, प्लॅटिनमच्या नाण्याची मात्र बांधायची राहून गेलेली. मग एकच नाणं पाडायचं, त्यावर डोळे फिरतील एवढा आकडा घालायचा आणि ते नेऊन सरकारी बँकेत ठेवायचं. बँक तेवढे पैसे सरकारच्या खात्यात मांडणार. उसनं घेतलंच नाही, तर कुंपण ओलांडायचा प्रश्न येतो कुठे? साहेबाला सगळे हसले, वर्तमानपत्रांनी त्याची चित्रं काढली, पण दुसरा उपाय कुणालाच सुचेना.

मामांनी आदल्या संध्याकाळी हे घरी सांगितलं तेव्हा बायको उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे पत्र्यावर आकडा लिहिला की पैसे झाले? मग ती आपली चेपलेली परात घेऊन जा की. तिच्यावर जागाही भरपूर आहे." दोघं पुष्कळ दिवसांनी हसली. मग तिला धाप लागली.

चकती एकच होती. प्रयोगशाळांमधल्या प्लॅटिनमच्या जुन्या मुशी गोळा करून दुसऱ्या गावच्या खास भट्टीत ती ओतून आणलेली. इथली भट्टी त्या धातूला पुरी पडत नव्हती. आणि वेळही बेताचा. विरोधक कोर्टात गेले होते, दुपारी सुनावणी होती. त्याआधी नाणं बँकेत पोचलं तर पोचलं. गाडी फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी होती.

आता टाकसाळीची एक रीत सांगायला हवी. नव्या साच्याचा पहिला ठोका कधी ठेवायचा नाही. त्याला तेल लागलेलं असतं, कचकच असते. ते नाणं यंत्राशेजारच्या दातेरी रुळांत टाकायचं, चेपायचं आणि भट्टीत पाठवायचं. 'पहिला ठोका भट्टीचा,' असं म्हणत मामांनी किती नवशिक्यांच्या बोटांवर पट्टी मारली असेल, त्याला हिशेब नाही. आज मात्र तसं करायचं नव्हतं. साचा आदल्या दिवशी शिशावर ठोकून पाहिला होता, पहिल्याचा मान शिशानं घेतला होता. मामांना हे पक्कं ठाऊक होतं. सकाळी तोंड धुताना ते स्वतःशी बोललेही होते.

साहेब आला, मागे दोन पहारेकरी. मामांनी हात पुसले, चकती बसवली. धप्.

नाणं देखणं उतरलं. कडेनं शून्यांची माळ, एकेक मणी सुटा. मामांनी ते भिंगाखाली धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. साहेबानं हात पुढे केला होता. आणि मामांचा डावा हात, जन्मभर जिकडे जात आला, तिकडेच गेला. रुळांनी कर्र केलं.

रुळांतून बाहेर पडलं ते जिभेसारखं लांबट, खाचाखाचांचं काहीतरी. साच्यात ते बसण्यातलं नव्हतं. साहेब तेलकट स्टुलावर बसला. कपडे खराब होतील, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मामा, एकच होती."

"माहीत होतं मला."

"मग?"

मामा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. "याला नव्हतं माहीत," ते म्हणाले.

भट्टीवाल्यानं देव पाण्यात घातले आणि कोळसा वाढवला. तो धातू आत नुसता लाल होऊन बसला, निवांत, शेकायला आल्यासारखा. दुपारी कोर्टाची मनाई आली. फाटकाशी उभी असलेली गाडी तशीच रिकामी निघून गेली. जाताना साहेब मामांना काही बोलला नाही. दारात थांबून त्यानं सगळ्यांच्या घरचं कसं चाललंय असं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मामा घरी आले तेव्हा धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. बायको खाटेवर पाय खाली सोडून वाट बघत होती. घोट्यांना सूज होती.

"झालं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. हात कुठून कुठे गेला, तेही दाखवलं. तिनं भलतंच विचारलं.

"चांगलं उतरलं होतं का हो?"

"काय?"

"नाणं."

"फार चांगलं. एक शून्यसुद्धा पुसट नव्हतं."

"मग झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. मामा तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो डावा होता म्हणून मागे घेतला. सोमवारचा विषय कुणीच काढला नाही.

मग ते उठून ओट्याशी गेले. तिच्या पथ्याचे बटाटे दोनदा उकडावे लागत, त्यातले क्षार निघून जायला. त्यांनी साली काढल्या, बारीक फोडी केल्या, पातेलं चढवलं. पाण्याला उकळी आली. झाकण तिरकं धरून त्यांनी पहिलं पाणी मोरीत ओतून दिलं आणि दुसरं घातलं.